झिरो डोस बालकं शोधताना : सरकार, कंपन्या आणि संस्थांचा डेटा एकत्र कसा आणावा?

नोंदवही

२०२४ साली जगातल्या सुमारे १ कोटी ४३ लाख बालकांना डीटीपी (घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला) लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे. २०१९ साली जितकी अशी, म्हणजे 'झिरो डोस', बालकं होती, त्यांची संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. ही मुलं जिथे राहतात तिथवर कुणाचीच नोंदवही धड पोचत नाही, ही खरी अडचण. थोडं थोडं प्रत्येकाकडे आहे. आरोग्य खात्याकडे केंद्रनिहाय मासिक आकडे, मोबाइल कंपनीकडे लोकांच्या हालचालींचा माग, वाहतूक कंपनीकडे रस्ते आणि फेऱ्यांचा हिशेब, स्वयंसेवी संस्थांकडे हाताने केलेल्या वस्त्यांच्या याद्या.

या धाग्यावरची चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक प्रदेश धरू : ६०० वस्त्या, एक फिरतं लसीकरण पथक, तिमाहीत ४० भेटी. या ४० वस्त्या कोणत्या, हे चौघांचा डेटा जोडून ठरवायचं आहे. कामाचा क्रम काय ठेवावा? जोडणी कुठे फसते? करारात काय असावं? आणि मॉडेल किती गुंतागुंतीचं हवं?

पिंगळा

सुरुवात डेटापासून करूच नका. आधी एक वाक्य लिहा आणि चौघांकडून ते मान्य करून घ्या. उदाहरणार्थ : "प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा लसीकरण अधिकारी पुढच्या ४० भेटींची यादी ठरवतात, ती यादी आपण देणार." बाकी बरंचसं या वाक्यातूनच निघतं. एकक वस्ती आहे, म्हणजे जिल्ह्याची सरासरी कामाची नाही. वारंवारता तिमाही आहे, म्हणजे मोबाइलचा तासातासाचा डेटा मागायचं कारण नाही. निर्णय घेणारी व्यक्ती ठरलेली आहे, म्हणजे डॅशबोर्ड कुणासाठी हा वाद संपला.

दुसरी कसोटी अशी. निष्कर्ष उलटा आला असता तर यादी बदलली असती का? उत्तर "नाही" असेल, तर तो डेटा या कामासाठी मागू नये. न लागणारी एक-एक फाईल करार लांबवते आणि गोपनीयतेची जोखीम वाढवते, पदरात मात्र काही पडत नाही.

गावनकाशा

पिंगळा यांच्याशी सहमत. ते वाक्य ठरलं की पुढचं जवळजवळ सगळं कष्ट जोडणीत जातं. चार याद्यांमध्ये एकाच केंद्राची चार नावं असतात. "पूर्व" आणि "पश्चिम", "जुने" आणि "नवीन", संक्षेप, वेगवेगळ्या लिप्यांतली नावं. उपसहारा आफ्रिकेतल्या ५० देश-प्रदेशांमधल्या सरकारी आरोग्य केंद्रांची एकत्रित यादी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ९८,७४५ केंद्रं आहेत. ती शेकडो वेगवेगळ्या स्रोतांमधून जुळवावी लागली. कुठल्याही देशात हे काम टळत नाही, म्हणून ते पहिल्या दिवसापासून वेळापत्रकात धरा.

मी सुचवेन तो क्रम असा. खात्याची अधिकृत केंद्र-यादी पाया माना आणि प्रत्येक केंद्राला कधीही न बदलणारा क्रमांक द्या. नावातली विरामचिन्हं, जादा मोकळ्या जागा आणि "प्राथमिक आरोग्य केंद्र" यांसारखे सगळीकडे येणारे शब्द काढा. तुलना जिल्ह्याच्या आतच करा, नाहीतर जोड्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. मग नावातलं साम्य आणि नकाशावरचं अंतर दोन्ही मोजा. २०० ते ३०० जोड्या हाताने तपासून "एकच" की "वेगळे" असं लिहून काढा आणि त्यांवरून तीन ढीग करण्याच्या मर्यादा ठरवा : आपोआप जुळलेले, माणसाने बघायचे, सोडून द्यायचे. दुसऱ्याच्या प्रकल्पातली साम्याची ०.९० ची मर्यादा उचलून आणली तर इथे चालेलच असं नाही.

नावांतलं साम्य ० ते १ मध्ये मोजणारी जॅरो-विंकलर पद्धत बरेच जण डोळे झाकून वापरतात. ती शब्दाच्या सुरुवातीला जास्त वजन देते. आरोग्य केंद्रांच्या नावात फरक असतो तो शेवटी : "पूर्व" की "पश्चिम", "१" की "२". त्यामुळे दोन वेगळी केंद्रं ०.९५ च्या वर साम्य दाखवून एक होऊन बसतात. शेवटचा शब्द आणि अंक वेगळे काढून ते तंतोतंत जुळायलाच हवेत असा नियम घाला.

निर्देशांक तपासताना तीन गोष्टी हमखास सापडतात : अक्षांश-रेखांशाची अदलाबदल, (०, ०) हा बिंदू, आणि दहा-बारा केंद्रं नेमकी एकाच बिंदूवर. तिसरा प्रकार दिसला की समजा कुणीतरी जिल्हा मुख्यालयाचा बिंदू सगळ्यांना चिकटवलाय. जिल्हे फुटले किंवा जोडले गेले असतील तर जुना-नवा संबंध सांगणारा तक्ता तारखांसकट लागतो. तारीख नसलेला तक्ता पुढच्या वर्षी निरुपयोगी.

उत्तरायण

यात भर. हाताने मर्यादा लावण्याऐवजी फेलेगी-सुंटर यांचं १९६९ चं संभाव्यतेवर आधारित तंत्र वापरता येतं. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने बनवलेलं स्प्लिंक हे मोफत साधन त्यावरच चालतं. प्रत्येक रकाना जुळला तर किती गुण आणि न जुळला तर किती वजा, हे ते डेटावरूनच काढतं. मात्र हाताने तपासलेल्या जोड्या तेव्हाही लागतात, निकाल पारखायला.

आकडेमोड

जोडणी झाली की छेदाकडे, म्हणजे बालकांच्या एकूण संख्येकडे, या. लसीकरण ११२ टक्के असं दिसलं की लोक अंश, म्हणजे दिलेले डोस, तपासत बसतात. चूक बहुतेक वेळा छेदात असते. जनगणना जुनी, तिच्यावर एकच वाढीचा दर लावलेला, आणि शेजारच्या हद्दीतली मुलं याच केंद्रात लस घेतात. वर्ल्डपॉपसारख्या प्रकल्पांचे सुमारे १०० मीटर चौकटींचे लोकसंख्या-अंदाज उपयोगी आहेत, पण ते कसे बनतात ते समजून घ्या. त्यातले बरेचसे जनगणनेची जिल्ह्याची बेरीज घेऊन उपग्रहावरून दिसणाऱ्या वस्तीनुसार वाटतात. मूळ बेरीज चुकली असेल तर वाटपही चुकणार. नवीन झोपडवस्ती आणि हंगामी तळ यांत हमखास निसटतात, आणि झिरो डोस बालकं नेमकी तिथेच असण्याची शक्यता जास्त. म्हणून संस्थांच्या हाताने केलेल्या याद्यांना मी इथे उपग्रहापेक्षा वरचं स्थान देईन.

खात्याच्या आकड्यांसाठी किमान तपासण्या :

डीटीपीचा तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसतोय का? एखाद्या महिन्यात असं होऊ शकतं. वर्षभराच्या बेरजेत तसंच असेल तर नोंदणीत गोंधळ आहे.

शून्य आणि रिकामी जागा यांत फरक होतो का? अनेक देशांत राष्ट्रीय पातळीवर वापरलं जाणारं डीएचआयएस-२ हे आरोग्य-माहितीचं सॉफ्टवेअर मुळात शून्य साठवत नाही. तसं साठवायचं असेल तर त्या त्या घटकाला वेगळी परवानगी चालू करावी लागते. ती नसेल तर "लस दिलीच नाही" आणि "अहवाल आलाच नाही" दोन्ही सारखेच दिसतात. त्यावर सरासरी काढली की सगळ्यात दुबळी केंद्रं बरी दिसू लागतात. उपाय : अपेक्षित अहवाल आणि आलेले अहवाल यांचा तक्ता वेगळा मागवा आणि रिकाम्या जागांचा अर्थ त्यावरून लावा.

विक्षिप्त आकडे शोधताना सरासरी आणि प्रमाण विचलन वापरू नका. एक १०,००० चा टंकनदोष दोघांनाही इतका फुगवतो की तो स्वतःच लपतो. मध्यक आणि मध्यकापासूनच्या विचलनांचा मध्यक घ्या.

नोंदवही

मोबाइल डेटाबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? कंपनी "सगळा डेटा द्यायला तयार आहोत" म्हणाली तर घ्यावा का?

टॉवर

घेऊ नये. कच्चा डेटा कंपनीच्या भिंतीबाहेर येऊच देऊ नका, ते दोघांच्याही हिताचं आहे. मोबाइल क्रमांकाच्या जागी सांकेतिक अक्षरमाला टाकली म्हणजे ओळख पुसली, हा गैरसमज आहे. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाची आणि टॉवरची एवढीच अचूकता असलेले ४ बिंदू ९५ टक्के माणसांना वेगळं काढायला पुरेसे ठरले.

त्याऐवजी तुमचा कोड कंपनीच्या सर्व्हरवर चालवायला द्या आणि फक्त बेरजा बाहेर आणा. या कामासाठी दोन तक्ते पुरतात : प्रत्येक भागात त्या महिन्यात "घर" असलेल्या सिमची संख्या, आणि या महिन्यात किती सिमचं घर एका भागातून दुसऱ्या भागात गेलं त्याचा चौकोनी तक्ता. "घर" म्हणजे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ मध्ये महिनाभरात सर्वाधिक वापरलेला टॉवर, अशी व्याख्या कोडमध्येच लिहून ठेवा.

लहान आकडे झाका. समजा, तक्त्यातल्या ज्या कप्प्यात १५ पेक्षा कमी आकडा असेल तो रिकामा ठेवायचा. पण एकच कप्पा झाकून भागत नाही. बेरीज २१२, उघडे कप्पे १२० आणि ८३, तर झाकलेला आकडा ९ हे कुणीही काढेल. अशा वेळी दुसराही एक कप्पा झाकावा लागतो किंवा बेरीज काढून टाकावी लागते.

आता उपयोग. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत डिजिसेल या मोबाइल कंपनीच्या सुमारे १९ लाख सिमवरून राजधानीतून बाहेर गेलेल्या लोकांचा अंदाज काढला गेला. केनियात सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या प्रवासावरून मलेरियाचे परजीवी माणसांबरोबर कुठून कुठे जातात ते २०१२ मध्ये मांडलं गेलं. दोन्ही ठिकाणी प्रश्न हालचालींचा होता. मोजणीसाठी हा डेटा तोकडा आहे. लहान मुलांकडे सिम नसतं, एकेका माणसाकडे दोन सिम असतात, एकच फोन घरभर फिरतो, बायकांकडे फोन कमी, आणि सगळ्यात गरीब घरात तो नसतोच. तुम्हाला हवी असलेली कुटुंबं याच फटीत आहेत. म्हणून मोबाइल डेटावरून "इथे किती बालकं" हे काढू नका. "हंगामी स्थलांतर कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेने" एवढंच काढा आणि भेटीचा महिना त्यावरून ठरवा.

एक गोष्ट करारातच मागून घ्या : टॉवर सुरू, बंद किंवा हलवल्याची यादी. नवा टॉवर उभा राहिला की त्याच्या भोवतालचे सगळे लोक तक्त्यात "स्थलांतरित" होतात.

करारपत्र

करारात लोक उद्देश आणि गोपनीयता लिहितात आणि थांबतात. राहून जातं ते असं : रकान्यांची नेमकी यादी, प्रत्येक रकान्याच्या अर्थासह, परिशिष्ट म्हणून. फाईल कोणत्या तारखेपर्यंत येणार आणि उशीर झाला तर कुणाला कळवायचं. मूळ डेटा कधी नष्ट करायचा, आणि त्यात बॅकअप धरलेत का. डेटापासून बनलेली यादी, नकाशे आणि मॉडेल कुणाचं. एखादा भागीदार बाहेर पडला तर आधी निघालेल्या निष्कर्षांचं काय. निष्कर्ष एखाद्या भागीदाराला अडचणीचे असले तर ते प्रसिद्ध करण्यापासून तो रोखू शकतो का. इथे "वाचून शंका मांडायला ३० दिवस, नकाराधिकार नाही" असं स्पष्ट लिहावं.

मोबाइल कंपन्या एकापेक्षा जास्त असतील तर त्या एकमेकींना बाजारातला वाटा कळू देणार नाहीत, आणि स्पर्धा कायद्याच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे. बेरजा तटस्थ तिसऱ्या संस्थेकडे एकत्र करायच्या.

देणाऱ्याला परत काय मिळणार हेही लिहा. इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणं थांबवलं, कारण त्या नमुन्यांवरून बनणाऱ्या लशी त्यांनाच परवडणार नव्हत्या. त्यातून पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची साथीच्या फ्लूविषयीची चौकट आली, जिच्यात नमुने आणि लाभ दोन्हींची देवाणघेवाण एकत्र बांधली आहे. डेटाचंही तेच आहे. केंद्रातली परिचारिका दर महिन्याला आकडे भरते. तिला तिच्या केंद्राचं एक पान तरी परत गेलं पाहिजे.

पिंगळा

मुद्दे सगळे पटतात, पण एवढा करार व्हायला महिनोन्महिने लागतील आणि पथक तोवर रिकामं बसणार नाही.

करारपत्र

म्हणूनच परिशिष्ट आधी करा, मुख्य मजकूर नंतर. रकान्यांची यादी पहिल्या दोन आठवड्यांत ठरली की तेच रकाने असलेला बनावट डेटा तयार करून जोडणी, तपासण्या, अहवाल सगळं बांधता येतं. सही झाली की फाईल बदलायची. फक्त बनावट डेटावरचा नकाशा कुठल्याही सादरीकरणात दाखवू नका, तो खरा समजून पुढे फिरतो. आणि साथीसाठीचा करार साथ नसतानाच करून ठेवायचा असतो.

शीतसाखळी

पुरवठ्याच्या आकड्यांत सगळ्यात जास्त चुका एककाच्या असतात. एका यादीत डोस, दुसरीत कुपी, तिसरीत खोकी. दोन याद्यांतल्या त्याच वस्तूचं गुणोत्तर काढून आलेख बघा. ते १० किंवा २० भोवती गोळा झालं असेल तर एका बाजूला कुपी आहेत. ते सुधारल्यावरही "पाठवलेले डोस" आणि "दिलेले डोस" सारखे येणार नाहीत, यायलाही नकोत : गोवराची किंवा बीसीजीची पूड विरघळवलेली कुपी ६ तासांत किंवा सत्र संपताच टाकून द्यावी लागते. लहान वस्तीत १० डोसची कुपी ३ मुलांसाठी उघडणं योग्यच आहे. मॉडेलने ते नासाडी म्हणून दंडलं तर पथक लहान वस्त्या टाळू लागेल.

मागणीचा अंदाज खपावरून काढताना साठा संपलेले दिवस वजा करा. ९० दिवसांत ६०० डोस गेले, पण ३० दिवस लसच नव्हती, तर महिन्याची गरज २०० नाही, ३०० आहे : ६०० भागिले ६०, गुणिले ३०. ही दुरुस्ती न करता पुढची मागणी काढली तर ज्या केंद्रात तुटवडा होता तिथे पुन्हा तुटवडाच जातो. निम्म्याहून जास्त दिवस साठा नसेल तर मात्र हे गणितही सोडा आणि शेजारच्या सारख्या केंद्रांवरून अंदाज बांधा.

तापमान-नोंदक लावलेले असतील तर त्यांच्या घड्याळाचा प्रमाणवेळ तपासा. नेहमीच्या इशाऱ्याच्या मर्यादा ८ अंशांवर सलग १० तास आणि उणे ०.५ अंशांखाली ६० मिनिटं अशा असतात. उष्णतेची काळजी सगळे घेतात. पेंटाव्हॅलेंटसारख्या (पाच रोगांवरची एकत्रित लस) लशी गोठून खराब होतात तिकडे दुर्लक्ष होतं.

आणखी एक. खासगी भागीदाराकडून दर वेळी डेटाच घ्यावा असं नाही. टांझानियात २०१० पासून कोका-कोलाच्या वितरणाच्या अनुभवाचा उपयोग सरकारी औषध-पुरवठा सुधारायला केला गेला. तिथे मोलाची होती ती मार्ग आखायची आणि पुरवठा चालवायची पद्धत.

सरासरी

मॉडेलकडे शेवटी यावं, आणि आल्यावर आधी साधा नियम लिहावा : गेल्या तिमाहीतल्या पहिल्या डोसची टक्केवारी, केंद्रापासून अंतर, संस्थेच्या यादीतली बालकं, या तीन गोष्टींची क्रमवारी. गुंतागुंतीच्या मॉडेलने या नियमाला हरवलं नाही तर नियमच वापरा. अधिकाऱ्याला तो समजावून सांगता येतो, हा छोटा फायदा नाही.

पारख करताना मॉडेलला शिकवायच्या आणि तपासायच्या वस्त्या सरमिसळ करून वाटू नका. शेजारच्या वस्त्या सारख्याच असतात, त्यामुळे मॉडेल उत्तर पाहून पाठ केल्यासारखं उत्तीर्ण होतं. संपूर्ण भाग बाजूला ठेवून तिथे तपासा. मोजायचं ते एकच : मॉडेलने वर काढलेल्या ४० वस्त्यांत झिरो डोस बालकं किती सापडली. उरलेल्या ५६० वस्त्यांचा क्रम अचूक आहे की नाही याने या तिमाहीत काही बिघडत नाही.

लक्ष्य काय ठेवलंय तेही पाहा. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये वापरलं जाणारं एक मॉडेल आजारपणाऐवजी खर्चाचं भाकीत करत होतं. २०१९ मध्ये दिसून आलं की कृष्णवर्णीयांवर सारख्याच आजाराला कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी ठरत होते. आपल्याकडे "नोंदवलेली झिरो डोस बालकं" हे लक्ष्य ठेवलं तर तीच चूक होईल : जिथे नोंदवणारं कुणी नाही तिथे बालकंच नाहीत असं मॉडेल शिकेल.

यावर एकच औषध मला ठाऊक आहे. ४० पैकी ३४ भेटी मॉडेलने ठरवा आणि ६ उरलेल्या ५६६ मधून चिठ्ठी टाकून. तसं केल्याशिवाय मॉडेल काय चुकवतंय ते कधीच कळणार नाही.

पिंगळा

मुलं नक्की आहेत अशा ६ वस्त्या सोडून चिठ्ठीने निघालेल्या वस्तीत पथक पाठवणं अधिकाऱ्यांना पटवणं अवघड आहे. आणि मला स्वतःलाही ते खुपतं.

सरासरी

खुपायलाच हवं, म्हणून ६ च, १५ नाहीत. आणि चिठ्ठी डोळे मिटून टाकायची नाही. ५६६ वस्त्यांचे केंद्रापासूनच्या अंतरानुसार तीन गट करा आणि प्रत्येकातून २ काढा. एक भेट साधारण ९४ वस्त्यांचं प्रतिनिधित्व करते, त्यामुळे एका तिमाहीवरून निष्कर्ष काढू नका. वर्षाच्या २४ भेटी एकत्र घ्या. लोकांच्या गुगल-शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारं गुगल फ्लू ट्रेंड्स २००८ मध्ये सुरू झालं. २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून वर गेला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. ते चुकतंय हे कळलं, कारण डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांची स्वतंत्र मोजणी चालू होती. आपल्या कामात ती मोजणी म्हणजे या ६ भेटी.

नोंदवही

हे पटलं. पथक परत आल्यावर काय नोंदवायचं?

गावनकाशा

"बालकं सापडली नाहीत" एवढं लिहून घेऊ नका. पाच पर्याय द्या : (१) वस्ती त्या जागी नाही; (२) वस्ती आहे, लोक स्थलांतरित; (३) मुलं आहेत, लस घेतलेली, कार्ड पाहिलं; (४) मुलं आहेत, लस घेतल्याचं सांगतात, कार्ड नाही; (५) कुटुंबाने नकार दिला. पहिला आला तर नकाशा दुरुस्त करायचा, दुसरा आला तर भेटीचा महिना बदलायचा, तिसरा-चौथा आला तर खात्याच्या नोंदी तपासायच्या. पाचवा डेटाचा प्रश्नच नाही, तो समाजात काम करणाऱ्या संस्थेकडे गेला पाहिजे. यादी कागदावर छापून द्या, प्रत्येक वस्तीपुढे निवडीचं कारण एका ओळीत. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी डॅशबोर्ड उघडत नाही.

उत्तरायण

फायलींच्या हस्तांतराबद्दल थोडंसं राहिलं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण अहवालातून गळाले, कारण जुन्या एक्सेल नमुन्यात एका पानावर ६५,५३६ च ओळी मावतात. प्रत्येक फाईलसोबत वेगळ्या संदेशात ओळींची संख्या, एका ठरलेल्या रकान्याची बेरीज आणि कालावधी पाठवायचा. तिन्ही जुळल्याशिवाय फाईल आत घ्यायची नाही. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस. केंद्राचा क्रमांक मजकूर म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि गावनकाशा यांनी सांगितलेली सगळी जोडणी पुन्हा करावी लागते.

करारपत्र

आणि अनुदान संपल्यावर सर्व्हरचं भाडं कोण भरणार, कोड कोण चालवणार, हे पहिल्याच परिशिष्टात नावानिशी नाही तरी पदानिशी लिहा. खात्यातल्या दोन कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या कुणाच्या मदतीशिवाय सलग दोन तिमाही यादी काढून दाखवली, की मगच हस्तांतर झालं असं धरा.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. रकान्यांच्या परिशिष्टाचा कच्चा मसुदा याच धाग्यावर टाकतो. आधी केंद्र-यादी आणि आलेल्या-अपेक्षित अहवालांचा तक्ता घेतो, मोबाइलचे दोन तक्ते त्यानंतर. गावनकाशा, शेवटच्या शब्दाचा आणि अंकांचा नियम कसा लिहावा, तेवढं त्या मसुद्याखाली सांगा.